सत्ताविसाव्या वर्षी लॅब सोडलेला माणूस

वाचकाचं पत्र: ताई, मी मिरजेत एका खासगी रुग्णालयाच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. बी.एस्सी. करून डीएमएलटी केलं, नोकरीला सात वर्षं झाली. वय २९. कॉलेजपासून नाटक करतो. एकांकिका, राज्य नाट्य स्पर्धा, काही सोडलं नाही. गेल्या वर्षी स्पर्धेत अभिनयाचं रौप्यपदक मिळालं आणि तेव्हापासून नोकरी सोडून मुंबई गाठायचं डोक्यात आहे. वडील रिटायर्ड आहेत. माझं लग्न ठरलंय, मे महिन्यात आहे. आई म्हणते, तिशीला आलास, आता कसलं नाटक? मित्र म्हणतात, लागूंनी बेचाळिशीत डॉक्टरकी सोडली, तू कशाला घाबरतोस? पण लागू डॉक्टर होते, मी लॅबवाला. दुसरं म्हणजे मला कायम म्हाताऱ्याच्याच भूमिका मिळतात. बाविसाव्या वर्षापासून बाप, आजोबा, निवृत्त मास्तर. पदकही आजोबांच्या भूमिकेलाच. यंदाही दिग्दर्शकांनी आजोबाच दिलेत, मी नाही म्हणायच्या विचारात आहे. आणि आमचं बोलणं हे असं मिरज-सांगलीचं. मुंबईत एका ऑडिशनला तोंडातून ‘न्हवं’ निघालं तर समोरची पोरं हसली. उशीर झालाय का? नोकरी सोडू का? नाव छापू नका.

प्रिय मिरजकर,

तू ताई म्हणालास, तेव्हा मी अरे-तुरेवरच येते.

‘लागू डॉक्टर होते, मी लॅबवाला’ हे तुझं वाक्य मला फार पटलं. आपल्याकडे नाटकवेड्या पोराला धीर द्यायचा म्हटलं की डॉक्टरांची रांग लागते. श्रीराम लागू नाक-कान-घशाचे सर्जन, काशीनाथ घाणेकर दंतवैद्य, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. (आगाशेंनी ‘घाशीराम’ गाजल्यावरही डॉक्टरकी सोडली नाही, हे मात्र धीर देणारे सोयीस्कर विसरतात.) लागूंनी १९६९ मध्ये पूर्णवेळ रंगभूमी धरली तेव्हा हाताशी सर्जनची पदवी होती. नाटक चाललं नसतं तर पुन्हा दवाखाना उघडता आला असता. तुझं गणित वेगळं आहे. म्हणून मी तुला लॅबवाल्याचंच उदाहरण देते. माणूस स्कॉटलंडचा आहे, आणि त्याला कीर्ती मिळाली तीही म्हाताऱ्याच्या भूमिकेने. त्यांचं नाव रिचर्ड विल्सन.

जन्म ९ जुलै १९३६, गाव ग्रीनॉक. क्लाइड नदी समुद्राला मिळते तिथलं हे जहाजबांधणीचं गाव. वाफेच्या इंजिनवाला जेम्स वॉटही ग्रीनॉकचाच, बरोबर दोनशे वर्षं आधी जन्मलेला. अशा गावात शाळकरी पोराने हातात पाना धरावा किंवा विज्ञान शिकावं, हीच सरळ वाट. विल्सन विज्ञान शिकले. त्या काळी ब्रिटनमध्ये तरुणांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागे. ती त्यांनी लष्कराच्या वैद्यकीय दलात केली, काही काळ सिंगापुरात. परत आल्यावर ग्लासगोच्या स्टॉबहिल रुग्णालयात प्रयोगशाळेतली नोकरी. म्हणजे तुझंच काम. नमुने, काचपट्ट्या, रिपोर्ट.

सत्ताविसाव्या वर्षी त्यांनी ते सोडलं. तू एकोणतीस वर्षांचा आहेस, म्हणजे त्यांच्या हिशोबाने तुला दोन वर्षं उशीर झाला. पण लॅब सोडून ते गेले कुठे, ते नीट बघ. ऑडिशनांच्या रांगेत नाही गेले. ते लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये, म्हणजे ‘राडा’त दाखल झाले. तुझ्या पत्रात ‘मुंबई’ हा शब्द आहे, ‘शिक्षण’ हा नाही. नोकरी सोडून मुंबईला जाणं आणि नोकरी सोडून शिकायला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात रोज कुणीतरी तुला पारखणार आणि घरी पाठवणार. दुसऱ्यात दोन-तीन वर्षं तुझ्यावर कुणीतरी मेहनत घेणार.

आता माझे मित्र असतील तसे तुझेही असतील, जे म्हणतील, अभिनय काय शिकून येतो? स्पर्धेच्या नाटकात आपण काय करतो आठव. दोन महिने संध्याकाळी कामावरून सुटल्यावर तालीम, मग एक प्रयोग, नशीब असेल तर अंतिम फेरीचा दुसरा, आणि खेळ संपला. पदक एका प्रयोगावर मिळतं. चाळिसाव्या प्रयोगाला, समोर थंड प्रेक्षक आणि घशाला खोकला असताना तोच प्रसंग कसा उभा करायचा, ते तुला कुणी शिकवलेलं नाही, कारण तिथवर तुझं नाटक गेलंच नाही. तुझी गुणवत्ता कमी आहे असं नाही. हौशी रंगभूमीची घडणच तशी आहे.

विल्सन १९६५ मध्ये राडातून बाहेर पडले आणि ‘रेप’मध्ये शिरले. हा प्रकार तुला समजावून सांगायला हवा, कारण त्यांच्या सगळ्या कहाणीचा कणा तोच आहे. ब्रिटनमधल्या बहुतेक मोठ्या गावांत तेव्हा एक रेपर्टरी थिएटर असे. नटांचा ठरलेला संच, दर आठवड्याला पगार आणि दोन-तीन आठवड्यांनी नवं नाटक. रात्री एकाचा प्रयोग, दुपारी दुसऱ्याची तालीम. आज नोकर, परवा न्यायाधीश, पुढच्या महिन्यात चेकॉव्हचा डॉक्टर. नटांची संघटना इतकी घट्ट होती की तिचं कार्ड नसेल तर कामच मिळत नसे, आणि ते कार्ड मिळवायची एक रुळलेली वाट रेपमधूनच जायची. विल्सन यांनी ग्लासगोत, मँचेस्टरच्या स्टेबल्स थिएटरमध्ये आणि एडिंबराच्या ट्रॅव्हर्स थिएटरमध्ये कामं केली. यातलं ट्रॅव्हर्स १९६३ मध्येच सुरू झालेलं, नव्या लेखकांची नवी नाटकं करणारं छोटं थिएटर. स्टेबल्सच्या मागे ग्रॅनडा ही टीव्ही कंपनी होती. रंगमंचावरून टीव्हीकडे जाणारी वाट तिथे अशी शेजारून जात होती.

सोबत आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती सांगितली नाही तर मी तुला फसवल्यासारखं होईल. त्या पिढीत ब्रिटनच्या कामगारवस्त्यांमधून इतके नट आले, त्याचं एक कारण पैसा. नाट्यशाळेच्या फीसाठी आणि राहण्या-जेवणासाठी स्थानिक प्रशासनाचं अनुदान मिळू शकत असे. शिकताना भूक भागत होती आणि शिकून बाहेर पडल्यावर रेपचा पगार होता. तुझ्यासमोर यातलं अर्धंच आहे. विद्यावेतन देणारी एखादी शाळा आहे, पण रेप नाही. आपल्याकडे व्यावसायिक नाटकात पैसे ‘नाइट’वर, प्रयोग झाला तर. मालिकेत दिवसावर, आणि तेही हातात पडायला तीन-तीन महिने. तेव्हा ‘त्यांना जमलं तर मला का नाही’ असं म्हणताना ही बाजू वजनात धर.

आता तुझी म्हाताऱ्याची तक्रार. हिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला वाटतं तुझ्या पत्रातला खरा प्रश्न हाच आहे. वयाचा प्रश्न आईने तुझ्या डोक्यात घातलेला आहे.

विल्सन हे हिरोच्या चेहऱ्याचे कधीच नव्हते. उंच, लांबट चेहरा, कपाळ मागे सरकलेलं, आणि भुवया अशा की काही न बोलताही समोरच्याने चूक कबूल करावी. असा नट लेखकाला कुठे लागतो? वकील, अधिकारी, मोठा डॉक्टर, तिरसट शेजारी. तेच त्यांना मिळालं. ‘क्राउन कोर्ट’ नावाची ग्रॅनडाची दुपारची मालिका होती, एक खटला तीन भागांत. तिची गंमत अशी की ज्युरीत बहुतांश साधी माणसं बसवत आणि निकाल तीच देत, त्यामुळे वकील झालेल्या नटाला खरोखरच कुणाचंतरी मन वळवावं लागे. तिच्यात विल्सन बॅरिस्टर जेरेमी पार्सन्स होते. १९७९ ते ८२ ‘ओन्ली व्हेन आय लाफ’ ही रुग्णालयातल्या वॉर्डची विनोदी मालिका. तीन रुग्ण खाटांवर पडून कुरकुरतात आणि विल्सन त्यांचे सर्जन. रुग्णालयाच्या लॅबमधून निघालेला माणूस पंधरा-सोळा वर्षांनी पडद्यावरच्या रुग्णालयात साहेब होऊन परतला. नायक मात्र खाटेवरचे तिघं, सर्जन नव्हे.

१९८४ मध्ये डेव्हिड लीन यांच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’त ते दिसतात. ‘चंद्रापोर’ या काल्पनिक गावाचा (आपलं चंद्रपूर नव्हे) कलेक्टर टर्टन ते झाले होते. आपले व्हिक्टर बॅनर्जी डॉ. अझीझ, रोशन सेठ आणि सईद जाफरीही त्यात. मिळाला तर पाहा. चित्रपट कुणाचा आहे ते विसर आणि फक्त कलेक्टरला बघ. क्लबातला साहेब, नम्र, सुसंस्कृत, आणि आतून पूर्ण बंद. हा माणूस नालायक आहे असं तो एकदाही ‘दाखवत’ नाही. आपण स्पर्धेत इंग्रज साहेब करतो तेव्हा पहिल्या वाक्यापासून ‘टुम काला आडमी’ सुरू होतं.

१९८७ मध्ये बीबीसी स्कॉटलंडची ‘टूटी फ्रूटी’ आली. जॉन बर्न यांचं लेखन, रॉबी कोल्ट्रेन आणि एमा थॉम्पसन मुख्य भूमिकांत, आणि विल्सन त्या रडतखडत चालणाऱ्या बँडचे मॅनेजर एडी क्लॉकर्टी. सगळा बाज ग्लासगोचा, बोली ग्लासगोची. तुझ्या ‘न्हवं’ला हसणाऱ्या पोरांसाठी सांगते: विल्सन यांच्या बोलण्यातला स्कॉटिश सूर कधी पुसला गेला नाही. पुढे ज्या मालिकेने त्यांना घराघरांत नेलं, ती इंग्लंडच्या उपनगरात घडते. तिच्यातली नवरा-बायको मात्र दोघंही स्कॉटिश नट, ते आणि ॲनेट क्रॉस्बी. कुणी विचारलं नाही की हे इथे कसे. पण याचा अर्थ असा काढू नकोस की प्रमाण मराठी येत नसली तरी चालेल. यायलाच हवी, लख्ख यायला हवी. विल्सन इंग्रज कलेक्टरही होऊ शकत होते, म्हणून त्यांच्या स्कॉटिश सुराला किंमत होती. ज्याला एकच बोली येते, त्याच्या बोलीला कुणी गुण म्हणत नाही, अडचण म्हणतात. मिरजेची बोली ठेव आणि तिच्या शेजारी दुसरी बसव.

तर ती मालिका: ‘वन फूट इन द ग्रेव्ह’. लेखक डेव्हिड रेनविक. नायक व्हिक्टर मेल्ड्र्यू, वय साठ, सुरक्षारक्षक. पहिल्याच भागात त्याची नोकरी जाते आणि त्याच्या जागी एक यंत्राचा डबा बसवतात. मग हा माणूस घरी बसतो आणि जग त्याच्यावर चाल करून येतं. रेनविक यांनी आधी ‘हॉट मेटल’ नावाच्या मालिकेत विल्सन यांच्यासोबत काम केलं होतं आणि व्हिक्टर लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर तेच होते. आणि विल्सन काय म्हणाले? नाही. मी त्रेपन्न वर्षांचा आहे, साठीचा म्हातारा कसा करू?

बघ हं. लेखक तुझ्यासाठी भूमिका लिहितो, ती तुझ्या हातात ठेवतो, आणि तू म्हणतोस मी तेवढा म्हातारा नाही. यंदा तू दिग्दर्शकांना जे सांगायच्या विचारात आहेस, तेच. सुदैवाने ते मागाहून तयार झाले. ४ जानेवारी १९९० ला पहिला भाग लागला, शेवटचा २० नोव्हेंबर २००० ला. ऐन भरात दीड कोटीच्या वर लोक ती बघत. ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार त्यांना या भूमिकेसाठी दोनदा मिळाला, १९९४ मध्ये ‘ओबीई’ हा सन्मान. लॅब सोडली तेव्हा सत्तावीस, हे सगळं सुरू झालं तेव्हा त्रेपन्न. मधली सव्वीस वर्षं मोज.

पण मला तुझ्याशी आकड्यांपेक्षा कामाविषयी बोलायचंय. व्हिक्टर हा चिडका म्हातारा म्हणून प्रसिद्ध आहे. मी त्या मालिकेचे जेवढे भाग पाहिलेत, त्यांत मला तो चिडका वाटत नाही. तो बहुतेक वेळा बरोबर असतो. ऑर्डर चुकीची आलीय, शेजारी विचित्र आहे, कामगाराने भलतंच करून ठेवलंय, आणि या सगळ्याचं आश्चर्य एकट्या व्हिक्टरला वाटतं. विल्सन हे सगळं शोकांतिकेच्या गांभीर्याने करतात. डोळा मारत नाहीत, म्हातारपणाची थरथर दाखवत नाहीत, कमरेवर हात ठेवून कण्हत नाहीत. १९९३ मधला ‘द ट्रायल’ हा भाग तर पूर्ण अर्धा तास त्यांच्या एकट्याचा. ज्युरीच्या कामासाठी बोलावणं येईल म्हणून व्हिक्टर घरी थांबलाय, बाहेर पाऊस, आणि करायला काही नाही. एक माणूस, एक घर, तीस मिनिटं, आणि कंटाळा यायचा तो त्याला, आपल्याला नाही. रेपमध्ये वर्षं काढल्याशिवाय हे होत नाही रे.

आता तू आजोबा कसे करतोस ते मी पाहिलेलं नाही. पण स्पर्धेतले आजोबा पाहून माझे केस पिकलेत, तेव्हा अंदाज सांगते. केसांना पांढरी पावडर, हातात काठी, आवाजात कंप, दर तिसऱ्या वाक्याला खोकला. बावीस वर्षांच्या पोराला म्हातारा म्हणजे शरीर वाटतं. साठीतल्या माणसाला विचार, तो स्वतःला म्हातारा समजतच नाही. तो समजतो की जग एकाएकी मूर्ख झालंय. यंदाची भूमिका घे. घे आणि काठी, कंप, खोकला तिन्ही काढून टाक. मग उभा राहिला आजोबा तर खरा. आणि तुझ्याकडे यासाठी जे आहे ते मुंबईतल्या जिममधल्या पोरांकडे नाही. सकाळी सातला उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं तू सात वर्षं बघतोयस. सुई बघून चेष्टा करणारा, रिपोर्टचं पाकीट फोडायला घाबरणारा, ‘साखर कमी लिहा की जरा’ म्हणणारा. हे सगळे तुझ्यासमोर बाही वर करून बसलेत.

तुझा चेहरा आत्ताच पन्नाशीचा दिसत असेल तर एक व्यावहारिक गोष्टही आहे. पंचविशीच्या हिरोंची गर्दी अफाट आणि त्यांचं आयुष्य थोडं. चरित्र भूमिकांचा नट उशिरा सुरू होतो आणि फार काळ टिकतो. विल्सन त्र्याहत्तराव्या वर्षी रॉयल शेक्सपिअर कंपनीत ‘ट्वेल्थ नाइट’चे माल्व्होलिओ होते. २००८ ते २०१२ बीबीसीच्या ‘मर्लिन’मध्ये राजवैद्य गायस झाले, आणि नव्या पिढीच्या पोरांनी त्यांना व्हिक्टर म्हणून नाही, गायस म्हणून ओळखलं. २०१४ मध्ये शेफिल्डला बेकेटचं ‘क्रॅप्स लास्ट टेप’ केलं. टेबलाशी बसून स्वतःचाच जुना आवाज ऐकणाऱ्या एकोणसत्तर वर्षांच्या माणसाचं ते नाटक, करणारा अठ्ठ्याहत्तरीला टेकलेला.

आणखी एक, जे तुझे मित्र तुला सांगणार नाहीत. विल्सन फक्त नट राहिले नाहीत. ते दिग्दर्शक होते, आणि ते काही उतारवयातला विरंगुळा म्हणून नव्हे. लंडनच्या रॉयल कोर्टमध्ये त्यांनी नव्या लेखकांची नाटकं बसवली. १९९९ मधलं रिचर्ड बीन यांचं ‘टोस्ट’ घे, पावाच्या कारखान्यातल्या कामगारांच्या एका रात्रपाळीचं नाटक. २००४ मध्ये नॅशनल थिएटरमध्ये अँटनी शेर यांचं ‘प्रायमो’, आउश्वित्झच्या नाझी छळछावणीतून वाचलेल्या प्रायमो लेव्ही यांच्या आठवणींवरचा एकपात्री प्रयोग. तो पुढे ब्रॉडवेलाही गेला. त्याचे दिग्दर्शक विल्सन. ज्या माणसाला लोक रस्त्यात थांबवून व्हिक्टरचं ‘आय डोन्ट बिलीव्ह इट!’ म्हणून दाखवायला सांगत, तो एका हाताने हे करत होता. त्या वाक्याचा त्यांना इतका वीट आला की शेवटी त्यावरच विनोद झाला. ‘फादर टेड’ या मालिकेच्या १९९८ च्या एका भागात ते स्वतःचीच भूमिका करतात, आणि एक पाद्री त्यांच्या कानाशी ते वाक्य ओरडला की त्याच्यावर धावून जातात. प्रसिद्धी ही अशी येते. वाक्य लोकांचं होतं आणि नटाकडे डोकेदुखी उरते. हातात दुसरं काम असेल तर माणूस त्यातून तरतो.

तूही दुसरं काम शिक. दिग्दर्शन म्हण, प्रकाशयोजना म्हण, लेखन म्हण. नुसत्या नटाला फोनची वाट बघत बसावं लागतं.

१९९६ ते ९९ ते ग्लासगो विद्यापीठाचे रेक्टर होते. तिथे हे पद विद्यार्थ्यांच्या मतांवर मिळतं. ज्या शहरातल्या रुग्णालयात कधीकाळी नमुने तपासले, तिथल्या विद्यापीठात विद्यार्थ्यांनी निवडून दिलं. (हे तुझ्या आईला सांगायला ठेव. आयांना विद्यापीठ पटतं.)

आता सल्ला, कारण तू तो मागितलायस.

राजीनामा आत्ता देऊ नकोस. मुंबईला जायचं म्हणून तर अजिबात नको. आधी शिक्षणाचे अर्ज भर. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स. दिल्लीला तीन वर्षं विद्यावेतन मिळतं आणि तुझी बी.एस्सी.ची पदवी तिथे चालते. पण दिल्लीच्या प्रवेशाला वयाची वरची मर्यादा असते, आणि ती तिशीच्या आसपास असते. आई म्हणते तो उशीर खोटा आहे. हा एवढा एक उशीर खरा आहे. तेव्हा यंदाची जाहिरात निघाली की पहिल्या दिवशी नियम वाच, आणि तोवर केलेल्या नाटकांचे कागद, ब्रोशर, पदकाचं प्रमाणपत्र एका फाइलीत लाव. पुण्या-मुंबईचेही वयाचे आणि पात्रतेचे नियम बघून ठेव.

प्रवेश मिळाला तर जा. नाही मिळाला तर मिरजेतच राहून आणखी एक वर्ष नाटक कर, फक्त स्पर्धेपुरतं नको. एकच नाटक धर आणि सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, जत, जिथे सभागृह मिळेल तिथे त्याचे प्रयोग लाव. तिकीट लाव, पन्नास रुपये का असेना. पंचवीस प्रयोग झाले की तुला तुझ्याविषयी जे कळेल, ते ना पदक सांगेल ना मी.

आणि पुढे कधी मुंबईला गेलासच, तर डीएमएलटी लपवू नकोस. लॅबना रात्रपाळीची माणसं लागतात, घरोघर जाऊन नमुने गोळा करणारी माणसं लागतात. नट म्हणून दिवस मोकळा आणि खोलीचं भाडं सुटलेलं, हे सर्जनला जमणार नाही, तुला जमेल. इथे लॅबवाला लागूंच्या पुढे आहे. वर्षभराचा खर्च बँकेत बाजूला टाकल्याशिवाय मात्र निघू नकोस. त्यात लग्नाचा खर्च धरायचा नाही.

लग्नावरून आठवलं. तुझ्या पत्रात आईचं मत आहे, मित्रांचं आहे, ऑडिशनच्या पोरांचं हसणंसुद्धा आहे. जिच्याशी मे महिन्यात लग्न करणार आहेस, तिचं मत कुठे आहे? तिने लॅबमधल्या कायम नोकरीवाल्याला होकार दिलाय. दिल्लीत तीन वर्षं विद्यार्थी असलेल्या, किंवा रात्री रक्ताचे नमुने तपासून दिवसा तालमीला जाणाऱ्या माणसाला दिलेला नाही. ती कदाचित हो म्हणेल, कदाचित तुझ्याआधी अर्ज भरायला बसेल, कदाचित लग्न मोडेल. यातलं काहीही लग्नाआधी झालेलं बरं. या रविवारी तिला भेट, पगाराची स्लिप आणि खर्चाचा कागद सोबत ने, आणि पत्रात मला जे लिहिलंस ते सगळं तिला सांग. ती काय म्हणाली ते मला कळव, मग फीच्या पैशांचं बोलू.

तुझी,
ताई